बॉम्बचं आपल्याला काय करायचंय?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. विषय नेहमीचेच होते. रेशनचे धान्य, गावातली दारू, टँकरची वेळ. बैठक संपत आली तेव्हा मी पिशवीतून एक कागद काढला. २४ मे हा दिवस जगभरच्या स्त्रिया शांतता आणि निःशस्त्रीकरणासाठी पाळतात, आपणही त्या दिवशी काही कार्यक्रम घ्यावा का, एवढेच मी विचारले. कुणी काही बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही बॉम्बचं काय सांगायलात? इथं दोन घागरी पाण्यासाठी जीव चाललाय. बॉम्बचं आपल्याला काय करायचंय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. कागद परत पिशवीत गेला.

एस.टी.ने परभणीला येईपर्यंत तो प्रश्न मनात घोळत राहिला. मावशींचा प्रश्न रास्त होता. चूक माझी होती, कारण मला त्याचे उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींनी त्यात भर घालावी, जिथे पटणार नाही तिथे भांडावे.

घरातली मारहाण ही नवरा-बायकोची खासगी बाब नाही, हे आपण गेल्या काही दशकांत समाजाला ऐकायला लावले. हुंडा, बलात्कार, गर्भलिंगतपासणी, जमिनीवरचा हक्क या प्रत्येक विषयात "हे तुम्हाला कळत नाही" असे म्हणणाऱ्यांना आपण उत्तरे दिली. पण देशाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण गप्प बसतो. ते मोठ्या लोकांचे, लष्कराचे, शास्त्रज्ञांचे, दिल्लीचे काम, असे आपणही मानतो. मला वाटते, ही आपली मोठी चूक आहे.

टीव्हीपुढची आई

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. त्यानंतर ७ ते १० मे असे चार दिवस भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि तोफा चालल्या. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब आहेत आणि ते एकमेकांच्या हद्दीत मारा करत होते.

त्या दिवसांत मी आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी गेले होते. तिचा मुलगा फौजेत. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, थोरल्या मुलीच्या लग्नाचे कर्ज. म्हणून पोरगा पहाटे रस्त्याने धावून धावून भरती झाला. आपल्या जिल्ह्यात अशी धावणारी पोरे कोणत्याही रस्त्यावर पहाटे दिसतात. देशप्रेम त्यांना आहेच, पण शेतीत काही उरले नाही हेही तितकेच खरे आहे. २०२२ पासून तर अग्निपथ योजनेत चार वर्षांचीच नोकरी. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांनाच पुढे कायम करतात.

टीव्हीवर निवेदक ओरडत होते. कराची बंदरावर हल्ला झाला, ते बेचिराख झाले, अशा बातम्या त्या रात्री अनेक वाहिन्यांनी दिल्या. त्या खोट्या होत्या हे नंतर उघड झाले. ही बाई मोबाइल हातात धरून बसली होती. म्हणाली, "हे म्हणायलेत कराची गेली. माझं पोरगं फोन उचलंना." तिने टीव्ही बंद केला. त्या घरात सुरक्षेविषयी सगळ्यांत जास्त कळत होते ते तिला, पण तिला कुणी काही विचारत नव्हते.

अभ्यास करणारे कोण?

शस्त्रे कमी कशी करायची, युद्ध टाळायचे कसे, यावर जगात नुसती भाषणे होत नाहीत, पद्धतशीर संशोधनही होते. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये बर्ट्रांड रसेल यांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यावर अल्बर्ट आइनस्टाइन यांनी मरणापूर्वी काही दिवस सही केली होती. अणुयुद्धात कुणीही जिंकणार नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी देशांच्या सीमा ओलांडून एकत्र बसावे, हा त्याचा गाभा. त्यातून १९५७ च्या जुलैत कॅनडातल्या पगवॉश नावाच्या लहानशा गावात बावीस शास्त्रज्ञ जमले. खरे तर ही पहिली बैठक दिल्लीत व्हायची होती. सुएझच्या संघर्षामुळे ती पुढे ढकलली गेली आणि कॅनडाला गेली. रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ, ज्यांची सरकारे एकमेकांवर बॉम्ब रोखून उभी होती, ते इथे एका टेबलावर बोलले. या कामाचे एक प्रमुख जोसेफ रॉटब्लॅट हे स्वतः अणुबॉम्ब बनवण्याच्या प्रकल्पात होते आणि १९४४ च्या अखेरीस तो सोडून बाहेर पडले होते. पुढे १९९५ साली त्यांना आणि पगवॉश परिषदेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

या कामाचे मोल कमी लेखायचे नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. १९५५ च्या त्या जाहीरनाम्यावर अकरा सह्या आहेत आणि अकराही पुरुषांच्या आहेत. माणूस म्हणून आम्ही माणसांना आवाहन करतो, असे सांगणाऱ्या कागदावर निम्मी माणसे नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण संशोधन संस्थेने २०१९ साली केलेल्या पाहणीतही हेच चित्र थोड्या फरकाने दिसते. निःशस्त्रीकरणाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय बैठकांत स्त्रियांचे प्रमाण सरासरी ३२ टक्के. आणि तज्ज्ञांच्या लहान बैठकांत, जिथे खरे निर्णय घडतात, तिथे २० टक्के.

तरीही ज्या थोड्या स्त्रिया या दालनात शिरल्या त्यांनी काय केले ते पाहू. स्वीडनच्या अल्वा मिर्दाल १९५५ ते १९६१ या काळात भारतात राजदूत होत्या. १९६२ पासून अकरा वर्षे त्यांनी जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण वाटाघाटींत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. बड्या राष्ट्रांना शस्त्रे कमी करायचीच नाहीत, वाटाघाटी हा त्यांचा खेळ आहे, असे त्यांनी पुराव्यानिशी लिहिले. १९६६ साली स्टॉकहोममध्ये जी शांतता संशोधन संस्था निघाली तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. आज जगातला कोणता देश शस्त्रांवर किती खर्च करतो याचे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात, ते बहुतेक याच संस्थेचे असतात. सरकारे जे झाकून ठेवतात ते मोजून जगापुढे मांडायचे, हे त्या संस्थेचे काम. १९८२ साली अल्वाबाईंना नोबेल शांतता पुरस्कार विभागून मिळाला.

दुसरे नाव आपल्या देशातले. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. त्या काळी या सेवेतल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यावा लागे. पुरुषांना अशी अट नव्हती. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. आपल्या कार्यकर्त्या हा खटला नोकरीतल्या समानतेचा म्हणून ओळखतात. पण याच मुथम्माबाई पुढे स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या निःशस्त्रीकरण आणि सुरक्षा आयोगावर भारतातून गेल्या. त्या आयोगात त्यांच्याशिवाय दुसरी स्त्री एकच, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड. १९८२ च्या त्यांच्या अहवालाने जगाला एक कल्पना दिली: सामाईक सुरक्षा. शेजाऱ्याला असुरक्षित करून आपण सुरक्षित होत नाही. मी भिंत वाढवली की तो काठी घेतो, मी काठी घेतली की तो कुऱ्हाड आणतो. सुरक्षा मिळायची तर ती दोघांना मिळून मिळते, नाहीतर कुणालाच नाही. बांधावरून चाललेली भांडणे ज्यांनी जन्मभर पाहिली त्या आपल्या बायांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

दुधाचे दात

संशोधन म्हणजे मोठ्या इमारती आणि इंग्रजी अहवाल, असा आपला समज असतो. तो खोडून काढणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९५० च्या दशकात अमेरिका, रशिया आणि ब्रिटन उघड्या हवेत बॉम्बच्या चाचण्या करत होते. सरकारे म्हणत होती, काही धोका नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात काही शास्त्रज्ञ आणि नागरिक, विशेषतः स्त्रिया, एकत्र आल्या. स्फोटातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ हवेत पसरतो, पावसाबरोबर गवतावर पडतो, गाईच्या पोटात जातो, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत साठतो. मग मुलांचे पडलेले दातच तपासले तर? डिसेंबर १९५८ मध्ये हे काम सुरू झाले. त्याची धुरा डॉ. लुईस रीस या डॉक्टर बाईंनी वाहिली. आयांनी आपल्या मुलांचे दुधाचे दात पाकिटात घालून पाठवले. मुलांना बिल्ला मिळे, मी माझा दात विज्ञानाला दिला, अशा मजकुराचा. बारा वर्षांत तीन लाखांहून जास्त दात जमले. चाचण्या वाढल्या त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे विष आधीच्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाले.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या साठ शहरांत सुमारे पन्नास हजार स्त्रियांनी घरातले आणि कचेरीतले काम बंद ठेवून मोर्चे काढले. शुद्ध दूध हवे, विषारी नको, ही त्यांची मागणी. ५ ऑगस्ट १९६३ रोजी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. त्याला इतरही कारणे होती, एकट्या बायांनी तो घडवला असे मी म्हणणार नाही. पण दातांच्या त्या मोजणीने सरकारचा खोटेपणा उघडा पाडला, हे नक्की.

आपल्याकडे पोराचा दात पडला की तो छपरावर फेकतात. तिथल्या आयांनी तो जपून ठेवला आणि त्याचा पुरावा केला. कोणताही विषय हातात घेण्याची सुरुवात अशी होते. मोजण्यापासून.

कुंकू, बांगड्या आणि शक्ती

मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे भाषा तपासणे. कॅरोल कोन या अमेरिकन अभ्यासक १९८४ साली अणुयुद्धाची आखणी करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये राहिल्या आणि १९८७ साली त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या तज्ज्ञांच्या भाषेत मरणाऱ्या माणसांसाठी शब्दच नव्हता. शस्त्रांविषयी मात्र लाडाचे, मर्दानगीचे शब्द भरपूर होते. ती भाषा शिकता शिकता, शांतता हा शब्द उच्चारणेही आपल्याला अवघड होऊ लागले, असे कोनबाईंनी प्रांजळपणे लिहिले आहे.

आपली भाषा काही वेगळी आहे का? "आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत" हे वाक्य सभेत ऐकले नाही असा एक तरी पुढारी दाखवा. १८ मे १९७४ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या आसपास, पोखरणला पहिली अणुचाचणी झाली आणि तिच्याशी हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले. ज्या बुद्धाने करुणा शिकवली, ज्याच्या धम्माचा आधार घेऊन मराठवाड्यातल्या लाखो स्त्रियांनी माणूसपण मिळवले, त्याला बॉम्बपाशी हसायला लावले. ११ आणि १३ मे १९९८ च्या चाचण्यांना नाव दिले शक्ती. आपल्याच राज्यातल्या बड्या पुढाऱ्यांनी तेव्हा, आपण षंढ नाही हे आता जगाला दिसले, अशा अर्थाची भाषा केली. बाई दुर्बल म्हणून बांगड्यांची शिवी, आणि बॉम्बला नाव द्यायचे तर देवीचे.

मे २०२५ च्या कारवाईला नाव दिले गेले सिंदूर. पहलगामला ज्यांचे पती गेले त्यांच्या दुःखाविषयी इथे कुणाच्याही मनात शंका नाही. तरी आपण एक आठवण ठेवली पाहिजे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. बाईचे मोल कुंकवावर ठरू नये यासाठी आपण पिढ्यानपिढ्या भांडत आलो. तीन वर्षांत तेच कुंकू युद्धाचे निशाण झाले. आणि पहलगामला पतीला गमावलेल्या एका तरुण स्त्रीने, मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला न्याय आणि शांतता हवी, असे सांगितले, तेव्हा समाजमाध्यमांवर तिच्यावरच शिव्यांचा वर्षाव झाला. तिच्या कुंकवाची चाड होती, तिच्या मताची नव्हती.

शंभर रुपयांतले चार

आता पैशाकडे येऊ. स्टॉकहोमच्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगाने सैन्य आणि शस्त्रांवर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. भारताचा क्रमांक पाचवा, ८६ अब्ज डॉलर. शस्त्रे बाहेरून विकत घेणाऱ्या देशांत २०२० ते २०२४ या काळात भारत युक्रेनच्या खालोखाल दुसरा. २०२५ च्या आरंभी जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रे होती. त्यांतली भारताकडे अंदाजे १८० आणि पाकिस्तानकडे १७०.

आपल्या केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये आहेत. महिला आणि बालविकास मंत्रालयाला सुमारे २६ हजार ९०० कोटी. म्हणजे संरक्षणाला शंभर रुपये तर अंगणवाडी, पोषण, संकटातल्या स्त्रियांची केंद्रे या सगळ्याला मिळून चार. पूर्ण खरे सांगायचे तर संरक्षणाच्या शंभरात जवानांचे पगार आणि निवृत्तिवेतनही येते आणि ते मिळालेच पाहिजे. स्त्रियांसाठी इतर खात्यांतही काही तरतुदी असतात. तरीही शंभरास चार हे प्रमाण बोलके आहे. अंगणवाडीतल्या ताईंना आजही मिळते ते मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर त्या संपावर गेल्या, आठवडेच्या आठवडे बसल्या, आणि त्यांना ऐकवले गेले की तिजोरीवर बोजा पडतो. विमाने घेताना हा शब्द कुणी वापरत नाही.

१९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत जो कृती आराखडा मान्य झाला, त्यात अवाजवी लष्करी खर्च कमी करा हे उद्दिष्ट स्पष्ट लिहिले आहे. भारत सरकारनेही तो आराखडा मान्य केला आहे. बीजिंगचे नाव आपण आरक्षण आणि हिंसाविरोधी कायद्यांसाठी घेतो. हे पान मात्र उलटतच नाही.

बॉम्ब परभणीला नवा नाही

"बॉम्बचं आपल्याला काय?" या प्रश्नाचे एक सरळ उत्तर आपल्या शहरातच आहे. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, रमजानच्या महिन्यात, शुक्रवारी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. अनेक जण जखमी झाले. त्यानंतर शहरातल्या बायांनी काय भोगले ते त्यांनाच ठाऊक. बाजार बंद, मजुरी बंद, पोर शाळेतून वेळेवर आले नाही तर काळजाचा ठोका चुकायचा, आणि हे दोन्ही धर्मांच्या घरांत.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि मग पोलिसांची धरपकड. वस्त्यांत शिरून स्त्रियांनाही मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. अटकेतला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याची आई मागे हटली नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला.

या दोन घटना आणि अणुबॉम्ब यांत अंतर खूप आहे, हे मला कळते. पण विचार एकच आहे: धाक दाखवला की शांतता राहते. मोठ्या पातळीवर त्याला धाकाचा समतोल म्हणतात, वस्तीत त्याला बंदोबस्त म्हणतात. आणि धाकाखाली कोण सुरक्षित होते, कोण असुरक्षित होते, हे वस्तीतल्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही. मार्च २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लावले गेले. रिकामी घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बायांच्या गर्दीकडेही सरकार सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहू शकते, हे तेव्हा दिसले. जिंतूरच्या मावशींची घागर आणि बॉम्ब एकमेकांपासून वाटतात तितके लांब नाहीत.

बोलणे थांबवायचे नाही

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, शेजारी शस्त्रे ठेवणार आणि आपण टाकून द्यायची, हा भाबडेपणा आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दहशतवादी माणसे मारतात, ही वस्तुस्थिती आहे. बड्या पाच राष्ट्रांनी स्वतःचे बॉम्ब ठेवून इतरांना बंदी घालावी हा अन्याय आहे, असे भारत वर्षानुवर्षे म्हणत आला, तेही खरे. पण निःशस्त्रीकरणाचा अर्थ एकाने एका रात्रीत शस्त्रे खाली टाकणे असा कुणीच करत नाही. दोघांनी बोलत राहणे, मोजायला एकमेकांना मुभा देणे, धोक्याच्या वेळी फोन उचलणे, आणि पायरी पायरीने खाली येणे, असा त्याचा अर्थ आहे. ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. किरणोत्साराचा फटका स्त्रिया आणि मुलींना जास्त बसतो, हे त्या कराराच्या प्रास्ताविकात नोंदवले आहे. भारताने तो मान्य केलेला नाही. अण्वस्त्रे असलेल्या एकाही देशाने केलेला नाही. म्हणून तर लोकांचा दबाव हवा.

हे काम मराठी बाईने केलेले आहे. निर्मला देशपांडे नागपूरच्या, लेखक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. विनोबांच्या भूदान पदयात्रेत त्या वर्षानुवर्षे चालल्या. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर दोन्ही देश एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा, मार्च २००० मध्ये, भारतातल्या स्त्रिया बसमध्ये बसून लाहोरला गेल्या. त्यांत निर्मलाताईंचा पुढाकार होता. त्यानंतर तिकडच्या स्त्रिया दिल्लीला आल्या. कुणी त्यांना देशद्रोही म्हटले, कुणी मेणबत्त्या लावणाऱ्या म्हणून हसले. २००८ साली निर्मलाताई गेल्या. पुढच्या वर्षी पाकिस्तान सरकारने त्यांना मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज हा किताब दिला. त्याआधी भारताने त्यांना पद्मविभूषण दिले होते. दोन्ही देशांनी जिचा मान केला अशी शांतता सैनिक आपल्या भाषेत होऊन गेली, हे आपल्या किती शिबिरांत सांगितले जाते?

आपण काय करू शकतो?

मोठे ठराव नकोत. तीन साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, मोजणी. प्रत्येक गटाने बैठकीत एकच प्रश्न विचारावा: तुला कशाची भीती वाटते? दारुड्या नवऱ्याची, अंधाऱ्या वाटेची, कर्जाची, पाण्याची, ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या पोरीची, दंगलीची, युद्धाची? उत्तरे लिहून घ्यावीत. नाव लिहू नये, गाव आणि वय लिहावे. शंभर बायांची उत्तरे जमली तरी आपला स्वतःचा सुरक्षा अहवाल होतो. अंदाजपत्रकाच्या शेजारी ठेवून तो वाचावा.

दुसरी, भाषा. आपल्या गावच्या सभेत बांगड्यांची शिवी ऐकली की तिथल्या तिथे उठून हरकत घ्यावी. पुढारी आपल्या पक्षाचा असला तरी.

तिसरी, बोलणे. गावात, मोहल्ल्यात, दोन्ही समाजांच्या बायांची एक तरी सामाईक बैठक अशी असावी जी दंगल नसतानाही होते. दंगलीनंतर शांतता समिती नेमतात, तिच्यात पुरुष बसतात आणि चहा पिऊन उठतात. सामाईक सुरक्षा ही पाल्मे आयोगाची कल्पना परभणीत राबवायची तर ती अशीच राबवता येईल.

फौजेतल्या त्या मुलाचा फोन तिसऱ्या दिवशी आला. तो सुखरूप होता. त्याची आई मला म्हणाली, "तिकडंही एखादी माझ्यासारखीच बसली असंल की नाही गं, फोन धरून?" सुरक्षेवरचे पुष्कळ लिखाण मी गेल्या काही महिन्यांत वाचले. याहून नेमका प्रश्न मला त्यात सापडला नाही. पिशवीतला तो कागद मी काढून ठेवला आहे. पुढच्या बैठकीला तो घेऊन जिंतूरच्या गावात जाणार आहे, आणि या वेळी पाण्याचा विषय झाल्यावर नाही, पाण्याच्या विषयातच तो मांडणार आहे.